नाव न सांगता मदत मागताना : ठाणे-नवी मुंबईतल्या बायकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोपरखैरण्यात राहते. रात्रीची जेवणं उरकली की दोन तास ऑनलाइन बसते. घरातला त्रास ज्यांना कुणालाच सांगता येत नाही, त्या बायकांशी लिहून बोलते. त्या नाव सांगत नाहीत, मीही सांगत नाही. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. पण तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आले की एकदा बसून लिहून काढावेत असं वाटलं. आत्ता, या क्षणी जिवाला धोका असेल तर वाचत बसू नका, ११२ लावा.

“मैत्रिणीसाठी विचारतेय” असं लिहिलं तर चालेल का?

चालेल. बहुतेक जणी तशीच सुरुवात करतात. तिसऱ्या-चौथ्या मेसेजपर्यंत “तिला” चं “मला” होतं. कधी होतही नाही. उत्तर तेच असतं.

त्याने आजवर हात उचललेला नाही. मग याला छळ म्हणायचं का?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा आहे, लागू झाला ऑक्टोबर २००६ मध्ये. त्यात चार प्रकारचा छळ धरला आहे : शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक. मारहाण हा त्यातला एक. मूल होत नाही म्हणून किंवा मुलगीच झाली म्हणून टोमणे, माहेरच्यांना शिव्या, घरखर्चाला पैसे न देणं, नोकरी सोडायला लावणं, दागिने परस्पर गहाण टाकणं, हे सगळं त्यात बसतं.

आर्थिक छळ बायकांना छळ वाटतच नाही. घणसोलीची एक जण लिहायची, “लाडकी बहीणचे दीड हजार माझ्याच खात्यात येतात, त्रास काहीच नाही.” दोन आठवड्यांनी कळलं की एटीएम कार्ड नवऱ्याकडे, पिन त्याला पाठ, आणि सॅनिटरी पॅडला पैसे मागितले की हिशोब विचारला जातो. कागदोपत्री खातं तिचं होतं, एवढंच.

आमचं लग्न झालेलं नाही. किंवा मी मुस्लिम आहे. तरी हा कायदा लागतो?

लागतो. धर्माची अट नाही. लग्नासारखं नातं ठेवून एका घरात राहिला असाल तरीही लागतो. आई, बहीण, मुलगी, विधवा सून यांनाही लागतो. हा फक्त नवरा-बायकोचा कायदा आहे हा समज फार पसरलेला आहे.

नाव लपवलं म्हणजे मी खरंच लपले का?

जागेवर अवलंबून आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात शिरलात की तुमचा नंबर तिथल्या प्रत्येकीला दिसतो. नंबर दिसला की डीपी दिसतो, आणि डीपीत तुम्ही, मुलगा आणि मागे सोसायटीची कमान. फेसबुकच्या गटात “अनामिक” म्हणून लिहिलं तर सदस्यांना नाव कळत नाही, पण गट चालवणाऱ्यांना कळतं. गट चालवणारी तुमच्या जावेची मैत्रीण नसेलच असं नाही. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, पण ते सेटिंग स्वतः जाऊन बदलावं लागतं.

त्याहून मोठी फट आपल्या लिहिण्यात असते. “मी घोडबंदर रोडला राहते, नवरा महापेच्या कंपनीत, सासूबाई निवृत्त शिक्षिका, मुलगी तिसरीत” एवढं लिहिलंत की ओळखणारा ओळखतो. तपशील बदला. घोडबंदरचं डोंबिवली करा, मुलीचा मुलगा करा. हे खोटं बोलणं नव्हे. मला सल्ला द्यायला तुमचा पिनकोड लागत नाही. लागेल तेव्हा मी विचारीन, आणि कशाला हवाय तेही सांगेन.

नवीन ईमेल उघडायचा तर त्यात जन्मसाल घालू नका, आणि रिकव्हरीसाठी नवऱ्याचा नंबर तर मुळीच देऊ नका. सवयीने देतो आपण.

माझा फोन त्याच्या हातात असतो. काय तपासू?

आधी हे बघा की फोनमध्ये जीमेल कुणाचं आहे. लग्नानंतर नवऱ्याने फोन घेऊन दिला, त्यानेच चालू करून दिला, आत त्याचाच आयडी घातला, असं मी सतत पाहते. मग तुम्ही यूट्यूबवर काय पाहिलं, गुगलवर काय शोधलं, ते त्याला त्याच्या फोनवर दिसू शकतं. फोटोंचा बॅकअप चालू असेल तर पुरावा म्हणून काढलेला स्क्रीनशॉट तुमच्याआधी तोच बघतो.

मग व्हॉट्सअ‍ॅपमधली “लिंक केलेली डिव्हाइसेस”. तिथे तुम्ही न जोडलेला लॅपटॉप दिसला तर तुमचे मेसेज दुसरीकडे वाचले जातात. मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग चालू आहे का ते बघा. सोसायटीच्या गेटवर अ‍ॅप असेल तर कोण आलं-गेलं याची सूचना घरातल्या सगळ्यांच्या फोनवर जाते, हेही ध्यानात ठेवा.

आता महत्त्वाचं : सापडलं म्हणून लगेच काढून टाकू नका. काल दिसणारे मेसेज आज दिसेनासे झाले की तो चिडतो, आणि मग काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो फोन रेसिपी आणि शाळेच्या ग्रुपसाठी राहू द्या. हे बोलणं दुसऱ्या फोनवरून करा, बहिणीच्या, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या. ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात मैत्रिणीच्या फोनवरून लिहिणाऱ्या दोघी-तिघी माझ्या ओळखीच्या झाल्या आहेत. ओळखीच्या म्हणजे, ऐरोलीला गाडी आली की एकीचं वाक्य तुटतं, एवढी ओळख.

इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या दिवसांत एका बाईने दोन दिवस काही लिहिलं नाही, म्हणून काळजीने मीच मेसेज टाकला, “बरी आहेस ना? परत मारलं का?” फोन नवऱ्याच्या हातात होता. ती पुढे आठवडाभर बोलली नाही, आणि बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, “ताई, तुम्ही विचारायला नको होतं.” तेव्हापासून मी आपणहून कधीच मेसेज करत नाही. पहिल्याच दिवशी खुणेचं वाक्य ठरवतो. “आज पोळ्यांना बाई आली नाही” असं आलं की समजायचं, फोन दुसऱ्याच्या हातात आहे किंवा तो बाजूला बसलाय. मीही मग पोळ्यांवरच बोलते.

इन्कॉग्निटो वापरलं तर पुरे का?

नाही. हिस्टरी राहत नाही, एवढंच. फोनमध्ये पाळत ठेवणारं अ‍ॅप असेल तर ते तसंही बघतं. कीबोर्डकडेही लक्ष ठेवा. काहींचा कीबोर्ड शब्द शिकतो आणि “घ” टाइप केलं की “घर”च्या आधी “घटस्फोट” सुचवतो.

समोरची खरंच बाई आहे हे कशावरून?

कळायला मार्ग नाही. माझ्याबद्दलसुद्धा नाही. म्हणून माणूस कोण आहे यापेक्षा तो काय मागतोय ते बघा. फोटो, पत्ता, ओटीपी, पैसे, “एकदा तलावपाळीला भेटू” यातलं काहीही आलं की बोलणं बंद. “फक्त मीच तुला समजून घेते, बाकी कुणाशी बोलू नकोस” हे वाक्य आलं तर आधी बंद. घरातला माणूसही हेच म्हणत होता ना?

नवऱ्याचं व्हॉट्सअ‍ॅप हॅक करून देतो असा मेसेज आला. घेऊ का?

लोकलच्या डब्यात “सौतन से छुटकारा, २४ घंटे में” असे स्टिकर असतात ना, हे त्यांचंच फोनवरचं भावंड. बाबा असो की हॅकर, दोघं आधी थोडे पैसे घेतात, मग “विधी अर्धवट राहिला” किंवा “सर्व्हर अडकला” म्हणून आणखी मागतात, आणि शेवटी “तुझ्या नवऱ्याला सांगतो” म्हणून धमकावतात. शिवाय दुसऱ्याच्या फोनमध्ये असं शिरणं हा तुमच्यावरच गुन्हा होऊ शकतो. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत थांबवता येण्याची शक्यता जास्त.

त्याचं बाहेर प्रकरण आहे. पोलीस त्याला पकडतील का?

नुसत्या प्रकरणासाठी नाही. व्यभिचाराचं जुनं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. तसंही त्या कलमात बायकोला तक्रार करायचा हक्क नव्हताच, त्यामुळे हातातून काही गेलं असं समजू नका. घटस्फोटासाठी मात्र व्यभिचार हे कारण आजही चालतं.

पहिली बायको असताना त्याने दुसरं लग्न लावलं असेल तर तो गुन्हा आहे (मुस्लिम वैयक्तिक कायद्याखालची लग्नं सोडून). भारतीय न्याय संहितेचं कलम ८२, सात वर्षांपर्यंत शिक्षा. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तेव्हापासून “फोर नाइंटी एट” म्हणजे नवऱ्याकडच्यांनी केलेली क्रूरता कलम ८५ मध्ये आली. पोलीस चौकीत दोन्ही आकडे ऐकू येतील, गोंधळू नका.

फसवणूक आणि छळ बहुतेक घरांत एकत्रच नांदतात. प्रकरण उघडं पडलं की त्याच आठवड्यात घरखर्च बंद होतो, किंवा “तूच संशयी, तुला डॉक्टरची गरज आहे” हे सुरू होतं. तक्रार लिहिताना प्रकरणापेक्षा त्यानंतर तुमच्याशी काय वागणं झालं त्याच्या तारखा लिहा. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याला त्यांचा उपयोग आहे.

त्यांचे चॅट मला दिसले. पुरावा म्हणून चालतील?

चालू शकतात. नवरा-बायकोच्या वादात एकाने गुपचूप केलेलं कॉल रेकॉर्डिंगही कोर्टात ग्राह्य धरता येतं असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. डिजिटल पुराव्यासोबत एक प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून घेतात. मूळ मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख येऊ द्या. आणि पुरावा ज्या फोनवर तोच बघू शकतो त्यावर ठेवू नका.

मारहाण झाली तर सरकारी दवाखान्यात जा : ठाण्याला, कळव्याला, वाशीच्या महापालिकेच्या रुग्णालयात. केसपेपर लिहिताना “बाथरूममध्ये पडले” सांगू नका. “घरात मारलं” सांगितलं की डॉक्टर एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टासाठीची वैद्यकीय नोंद करतात. पुढे दोन वर्षांनी तो एक कागद दहा साक्षीदारांचं काम करतो.

मी रात्रभर त्याचा लास्ट सीन बघत बसते. मला वेड लागलंय का?

नाही. ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला त्याने फसवलं की डोकं सारखं मागचे दिवस तपासतं. मागच्या गणपतीत तो उशिरा आला होता, तेव्हा पण? झोप जाते, पोळी घशाखाली उतरत नाही. एक जण म्हणायची, कपडे वाळत घालताना त्याच्या शर्टाचा वास घेतल्याशिवाय चिमटा लागत नाही. हे ऐकून मी हसले नाही, तुम्हीही हसू नका.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता तिथे फोन करा.

आणि एक गोष्ट, जी कुणी विचारत नाही आणि मी सगळ्यांना सांगते : रक्त तपासून घ्या. त्याचे बाहेर संबंध असतील तर एचआयव्ही आणि इतर गुप्तरोगांची तपासणी तुमची व्हायला हवी. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि निकाल गुप्त ठेवणं त्यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. अपमान वाटतो, कबूल. तरी जा.

त्या बाईचा फोटो आणि नाव टाकून तिला उघडं पाडू का?

नको. बदनामीचा दावा तुमच्यावर येईल, आणि इतके दिवस लपवलेलं तुमचं नाव सर्वांत आधी त्यालाच कळेल.

त्याच्याकडे माझे खाजगी फोटो आहेत. व्हायरल करीन म्हणतो.

धमकीचे मेसेज जपून ठेवा. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर बायका-मुलांसंबंधीच्या तक्रारीला नाव न देता कळवायची सोय आहे. मात्र नाव न देता केलेल्या तक्रारीचं पुढे काय झालं ते तुम्हाला बघता येत नाही. नाव देऊन केली तर बघता येतं. स्टॉप एनसीआयआय नावाची एक मोफत सोय आहे. तिथे फोटो चढवावा लागत नाही, तुमच्याच फोनवर त्या फोटोचा डिजिटल ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांकडे जातो. मग तो फोटो तिथे कुणी टाकू पाहिला तर अडवता येतो.

नाव सांगावंच लागेल अशी वेळ कोणती?

याच उत्तरासाठी मी हा सगळा खटाटोप केला आहे. नाव न सांगता बोलता येतं, रडता येतं, माहिती घेता येते, डोकं ठिकाणावर आणता येतं. पण अनामिक बाईला कोर्ट संरक्षणाचा आदेश देऊ शकत नाही. पोटगी, मुलांचा ताबा, राहतं घर, यातलं काहीही नावाशिवाय मिळत नाही. कुठल्या पायरीवर नाव सांगायचं ते तुम्ही ठरवा, कुणाच्या आग्रहाने नको. माझ्यासुद्धा.

पायऱ्या अशा. १८१ ही महिला हेल्पलाइन : फोन करून नुसती माहिती विचारता येते. कॉल लॉगमधून नंबर पुसायला विसरू नका. तिथून जवळच्या सखी वन स्टॉप सेंटरचा पत्ता मिळतो. समुपदेशन, वैद्यकीय आणि पोलिसी मदत एका ठिकाणी असते, शिवाय तात्पुरतं, साधारण पाच दिवसांपर्यंत राहायची सोय असते. पोलिसांसोबत काम करणारा महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष असतो. ही कल्पना १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर सुरू केली, नंतर राज्यभर गेली. तिथल्या समाजसेविका वर्दीत नसतात. पोलीस स्टेशनची पायरी चढायला पाय लटपटत असतील तर तिथून सुरुवात करा.

त्यानंतर संरक्षण अधिकारी, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेले अधिकारी. ते घरातल्या घटनांचा अहवाल तयार करतात आणि तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात साठ दिवसांत निकाल लागल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. पण अंतरिम आदेश लवकर मिळू शकतो आणि तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद आहे.

आता आपल्या भागाची गंमत. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेलला पोलीस नवी मुंबईचे, पण जिल्हा रायगड. त्यामुळे खारघरची बाई ठाण्याच्या सरकारी कार्यालयात तास घालवते आणि “तुमचं पनवेलला” ऐकून परत येते. उन्हात, कडेवर मूल घेऊन. आधी फोन करून विचारा. मात्र सासर नाशिकला आणि तुम्ही सध्या माहेरी कळव्यात असाल तर अर्ज इकडेच करता येतो, तात्पुरतं राहणंही धरलं जातं.

पोलिसांनी एनसी घेतली. म्हणजे केस झाली ना?

नाही. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. कोर्टाने सांगितल्याशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. तुम्ही कलम ८५ ची तक्रार देत असाल तर एफआयआर मागा आणि त्याची प्रत मागा, ती मोफत मिळते. घटना भिवंडीची आणि तुम्ही वाशीत असाल तरी झिरो एफआयआर घ्यावा लागतो. तरी, हातात काहीच नसण्यापेक्षा एनसीचा कागद बरा. फाडू नका.

घरातून निघाले तर हक्क जातो म्हणतात.

सासूबाई म्हणतात, कायदा म्हणत नाही. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर असला तरी तुम्ही तिथे संसार केला असेल तर राहण्याचा हक्क मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. स्त्रीधन तुमचं, लॉकर कुणाच्याही नावावर असो.

निघायचंच ठरलं तर कागद आधी बाहेर काढा : आधार, पॅन, पासबुक, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, सोनाराच्या पावत्या. एकदम पिशवी भरली तर दिसते. एकीने महिनाभर रोज एक कागद पोराच्या डब्याच्या पिशवीतून शाळेजवळच्या मैत्रिणीकडे पोचवला.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० ला फोन करा किंवा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा.

माझं बोलणं तुम्ही कधी कुणाला सांगता का?

एका बाबतीत सांगावं लागेल. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं मला कळलं तर पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे. हे मी पहिल्याच बोलण्यात सांगते, म्हणजे नंतर दगा दिला असं वाटायला नको.

त्रास मला नाही, शेजारच्या घरात आवाज येतात. मी काय करू?

सिडकोच्या भिंतीतून मिक्सरचा आवाज येतो, थपडेचा का येणार नाही? बेल वाजवा आणि विरजण मागा. दार उघडायला कुणाला तरी यावंच लागतं, तेवढ्याने त्या वेळचा हात थांबतो. नंतर ती एकटी भेटली की १८१ सांगा, मेसेजने पाठवू नका. संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही कळवू शकतं आणि चांगल्या हेतूने कळवलं तर तुमच्यावर जबाबदारी येत नाही. भांडण तिच्या वतीने भांडायला मात्र जाऊ नका, तुम्ही घरी परतता, ती तिथेच असते.

हे सगळं शोधल्याचा माग कसा पुसू?

पूर्ण हिस्टरी उडवू नका. कोरी हिस्टरी बघितली की आधी प्रश्न तोच येतो, “काय लपवतेस?” हे शोधलेलं तेवढंच एकेक करून काढा. मग उपवासाची भगर मोकळी कशी करायची ते शोधा, दोन व्हिडिओ पूर्ण बघा आणि फोन नेहमीच्या जागी चार्जिंगला लावा.